पक्क्या बिलावरचं बियाणं मागतोय आम्ही : एचटीबीटी कापूस, वांगं आणि बाकी सगळं

धुऱ्यावरचा_अकोट

राम राम मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, तीन दिवसांपासून झड लागलीय, वावरात पाय टाकता येत नाही म्हणून आज बसलोय लिहायला. लांब होईल, सांभाळून घ्या.

अकोट तालुक्यात सात एकर आहे माझं, काळी जमीन, विहिरीला दिवाळीपर्यंत पाणी. चार एकर पऱ्हाटी म्हणजे कापूस, बाकी सोयाबीन आणि तूर. यंदा, म्हणजे २०२५ ला, चार एकरांतल्या दोन एकरांत दुकानातलं बीजी-२ (बोंडअळी मारणारं जनुक असलेलं, मान्यता असलेलं बीटी) लावलं, ९०१ रुपये पाकीट, पक्कं बिल घेऊन. उरलेल्या दोन एकरांत एचटीबीटी, म्हणजे तणनाशक मारलं तरी न मरणारं पण परवानगी नसलेलं बीटी, ज्याला आमच्याकडे सगळे चोरबीटी म्हणतात ते. मे महिन्याच्या शेवटी एक जण मोटरसायकलवर आला, रात्री, पिशवीतून पाकिटं काढली, बाराशे रुपये एक, बिल नाही, लॉट नंबर नाही, कंपनीचं नाव वाचता येत नव्हतं. चार पाकिटं घेतली. मला माहीत होतं की हे बेकायदेशीर आहे, लपवत नाही.

पंचविसाव्या दिवशी तणनाशक मारलं. आठव्या दिवशी बघतो तर तणाबरोबर पऱ्हाटी पण पिवळी पडायला लागलेली. ओळीत बसून मोजलं, दहा झाडांत चार गेली. म्हणजे पाकिटात साधं बीटी मिसळलेलं होतं. आता सांगा, तक्रार कुठं करू? बिलावरचं बियाणं फेल गेलं तर कृषी विभागात अर्ज देता येतो, पंचनामा होतो, ग्राहक आयोगात जाता येतं. इथं तक्रार केली तर आधी मलाच विचारणार की हे लावलंच कसं.

मग लावलंच कशाला असं तुम्ही म्हणाल. तर निंदणाचा हिशेब बघा. एका निंदणाला एकरी दहा बाया, रोज तीनशे, म्हणजे तीन हजार. पावसाळ्यात तीन निंदणं धरली तर एकरी नऊ हजार, आणि हे पैसे खिशात असले तरी झड उघडली की सगळ्या गावाला एकाच दिवशी बाया लागतात, मिळत नाहीत. झडीत डवरा (बैलाची कोळपणी) चालत नाही, केना आणि शिप्पी पंधरा दिवसांत गुडघ्याएवढी होते. मागच्या वर्षी दीड एकर पऱ्हाटी तणात गेली माझी, नुसती गेली, मोडून टाकली.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे तंत्रज्ञान शेतकऱ्याला नको असं कुणी सांगत असेल तर त्यानं जून महिन्यात वऱ्हाडात येऊन बघावं. शेतकऱ्यानं ते केव्हाच घेतलंय. बंदीनं ते थांबलं नाही, फक्त त्याचं बिल गेलं, तपासणी गेली आणि सगळी जोखीम आमच्या डोक्यावर आली. परवानगी द्यायची नसेल तर का नाही ते चाचण्या करून सांगा, आणि द्यायची असेल तर द्या.

सरकी_ते_सूत

भाऊ, मी १० जून २०१९ ला अकोली जहांगीरला होतो. हजाराच्या वर शेतकरी आले होते, शेतकरी संघटनेनं सविनय कायदेभंग पुकारला होता, उघड उघड सगळ्यांसमोर एचटीबीटीची सरकी टोबली आणि बीटी वांग्याची रोपं लावली. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ खाली तेव्हा पाच वर्षं कैद आणि एक लाख दंड होऊ शकतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. गुन्हे दाखल पण झाले. तरी माणसं घाबरली नाहीत, कारण लपून लावण्यापेक्षा सांगून लावलेलं बरं असं सगळ्यांना वाटत होतं.

आणि ही मागणी आजची नाही. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी बाजार स्वातंत्र्याबरोबर तंत्रज्ञान स्वातंत्र्य हा शब्द तेव्हाच दिला होता. २००१ ला गुजरातमध्ये बोंडअळीनं सगळा कापूस खाल्ला आणि एकच वाण उभं राहिलं, नवभारत १५१. चौकशी केली तर त्यात बीटीचं जनुक निघालं, परवानगी नव्हती. सरकारनं उभं पीक जाळायला सांगितलं, शेतकरी म्हणाले जाळणार नाही, आणि जोशी साहेब त्यांच्या मागे उभे राहिले. २६ मार्च २००२ ला जीईएसीनं, म्हणजे जनुकीय वाणांना परवानगी देणाऱ्या केंद्राच्या समितीनं, बीटी कापसाला मान्यता दिली. शेतकऱ्यानं आधी लावलं, सरकार मागून आलं.

२००२-०३ ला देशात १३६ लाख गाठी कापूस झाला होता, २०१३-१४ ला ३९८ लाख. सगळं बीटीमुळंच असं मी म्हणत नाही, गुजरातमध्ये पाणी वाढलं, क्षेत्र वाढलं, पण ज्यानं नव्वदच्या दशकात दहा-दहा फवारण्या करून रिकामी बोंडं वेचलीत त्याला विचारा फरक काय पडला.

मातीशी_नातं

वर्धा जिल्ह्यात नऊ वर्षांपासून विषमुक्त शेती करतो. दादा, तुमचं नुकसान झालं त्याचं खरंच वाईट वाटलं. पण काही प्रश्न आहेत.

३९८ लाख सांगितलं, आता किती होतोय ते पण सांगा की. तीनशेच्या आसपास आलंय. बीटी आलं तेव्हा पण असंच म्हणत होते, आता फवारणी नाही, आता अळी नाही. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं काय केलं ते तुम्ही मी सगळ्यांनी बघितलं, डोमकळ्या (अळीमुळं न उमललेली फुलं) दिसल्या आणि दिवाळीत नांगर घातला लोकांनी. एचटीबीटीचं पण तेच होणार. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात कापसाच्या शेतात आपल्या माठाच्या जातीतलं एक तण ग्लायफोसेट या तणनाशकाला दाद देईना झालं, लोकांना पुन्हा हातानं उपटावं लागलं. आणि ग्लायफोसेटबद्दल जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१५ लाच सांगितलंय की बहुधा कर्करोगकारक. दरवर्षी बियाणं विकत, वर त्याच कंपन्यांचं तणनाशक विकत, यात शेतकरी स्वतंत्र झाला कुठं?

आमच्याकडे आच्छादन करतो, देशी वाण जवळ जवळ लावतो, तण इतकं येतच नाही. एकदा येऊन बघा, निमंत्रण आहे.

धुऱ्यावरचा_अकोट

मातीशी_नातं दादा, नक्की येईन, मनापासून सांगतोय. आच्छादन मी अर्ध्या एकरात करून बघितलं, फायदा झाला. पण चार एकराला पुरेल एवढा काडीकचरा आणायचा कुठून, सोयाबीनचं कुटार तर जनावराला लागतं.

गुलाबी बोंडअळीचं तुम्ही बोललात ते अगदी बरोबर आहे आणि त्यात आमची चूक आहे, ती मी मान्य करतो. पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साध्या कापसाचं बियाणं वेगळं यायचं, ते कडेनं लावायचं होतं, म्हणजे साध्या झाडावर वाढलेल्या अळ्यांमुळं बीटी पचवणाऱ्या अळीची पैदास उशिरा झाली असती. किती जणांनी लावलं? माझ्या बापानं बांधावर फेकलं, मी बघितलंय. त्यात फरतड घेतली, पाणी होतं म्हणून मार्चपर्यंत पऱ्हाटी उभी ठेवली, अळीला बारा महिने जेवायला मिळालं. गुजरातमध्ये २००९-१० लाच पहिल्या बीटीला अळी दाद देत नाही असं दिसलं होतं, तरी आपण जागे झालो नाही.

पण आता हे समजायला पण माहिती लागते, आणि माहिती बिलावरच्या बियाण्याबरोबर येते. चोरबीटीच्या पाकिटावर कोण लिहिणार की कडेला काय लावा, तणनाशक किती दिवसांनी किती मारा, दोन वर्षांनी कोणतं बदला? मोटरसायकलवाला? तण दाद देईना होईल ही तुमची भीती खरी आहे, आणि आत्ता जसं चाललंय तसंच चालू ठेवलं तर ती सगळ्यात लवकर खरी होईल.

बीएस्सी_अ‍ॅग्री_९८

मध्ये बोलतो, थोडी भर.

बोलगार्ड-२, म्हणजे बीजी-२, मध्ये क्राय१एसी आणि क्राय२एबी अशी दोन जनुकं आहेत, ते २००६ ला आलं. त्यानंतर कापसात एकही नवीन जनुकीय तंत्रज्ञान अधिकृतपणे आपल्या शेतकऱ्याला मिळालेलं नाही. तणनाशक सहनशील वाणाच्या चाचण्या झाल्या होत्या, अर्ज पण होता. डिसेंबर २०१५ ला बियाण्याच्या किमतीवर नियंत्रणाचा आदेश आला, तंत्रज्ञानाच्या रॉयल्टीवरून भांडणं लागली आणि २०१६ ला कंपनीनं अर्जच मागे घेतला. म्हणजे एचटीबीटी नाकारलंय असं नाही, ते मध्येच लटकलं आणि दरम्यान बियाणं बाहेर फुटलं.

दुसरं, ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लायफोसेट फक्त परवानाधारक कीड नियंत्रण करणाऱ्यांकडूनच मारायचं असा नियम केंद्रानं काढला. म्हणजे उद्या एचटीबीटीला मान्यता मिळाली तरी हा नियम तसाच राहिला तर शेतकरी पुन्हा कायद्याच्या बाहेरच. दोन्हीवर एकत्र बोलायला पाहिजे, आपल्या लोकांच्या निवेदनात हे येत नाही म्हणून सांगतोय.

कर्करोगाचं म्हणाल तर त्या संस्थेनं त्याच 'बहुधा कर्करोगकारक' (२अ) गटात लाल मांस पण टाकलंय, ती धोका असू शकतो का हे बघते, किती मात्रेत किती धोका हे नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं मत वेगळं आहे. म्हणून ग्लायफोसेट म्हणजे पाणी आहे असं नाही, हातमोजे आणि मास्क लागतोच.

पांढरकवड्याचा_पोरगा

फवारणीचा विषय निघाला म्हणून लिहितो.

२०१७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली. माझा चुलत भाऊ दवाखान्यात अकरा दिवस होता, वाचला, पण एका डोळ्यानं अजून धुरकट दिसतं. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, दमट हवा, पाठीवर पंप, आणि दोन-तीन औषधं एकत्र कालवून मारायचे, अंगात बनियन. औषध वरून खाली अंगावर गळत होतं. बातम्या आल्या, समित्या आल्या, मग पुढच्या वर्षी सगळे विसरले.

त्यामुळं जेव्हा कुणी म्हणतं ना की नवीन तंत्रज्ञान धोकादायक, तेव्हा माझ्या डोळ्यासमोर तो पाठीवरचा पंप येतो. जुनं काय कमी धोकादायक होतं? अळीचा बंदोबस्त झाडातूनच होत असेल तर पंप पाठीवर घ्यावा लागत नाही, हा बीटीचा पहिला फायदा होता आणि तो संपला तेव्हाच २०१७ झालं असं माझं मत आहे.

मी मागच्या वर्षीपासून ड्रोननं फवारून घेतो, गावात एकाकडे आहे. दहा लिटरची टाकी, एकराला सात-आठ मिनिटं, माणूस धुऱ्यावर उभा. दाट पऱ्हाटीत खालच्या पानापर्यंत कमी पोचतं हे खरं आहे, सगळं चांगलंच आहे असं म्हणणार नाही. पण घरी आल्यावर बायको विचारत नाही की डोळे लाल का झाले.

माय_निंदते_माही

मी फक्त वाचत व्हती. आता लिहाव वाटलं.

तुमी सगळे वावरवाले हा. माही माय निंदनाले जाते. आमाले वावर नाही. आषाढ ते भादवा तिले जे पैसे भेटते त्याच्यात आमचा वर्षाचा किराना आन माह्या भावाची फी निंगते. भाऊनं लिवलं एकरी नऊ हजार वाचते, मंग ते नऊ हजार कोनाचे व्हते? ते आमचे व्हते. तुमचं तंत्रज्ञान आलं तं मायनं काय कराव ते बी सांगजा. रागानं नाई इचारत, खरंच इचारते.

धुऱ्यावरचा_अकोट

ताई, तुमचा प्रश्न वाचून दोन तास काही लिहिलं नाही. आमच्या घरी निंदणाला येतात त्या पण अशाच बाया आहेत, वर्षानुवर्षं त्याच येतात, त्यांच्या पोरींच्या लग्नात आम्ही जेवलोय.

मी खोटं बोलणार नाही, निंदणाचं काम कमी होईल. काही प्रमाणात आत्ताच कमी झालंय. माझ्या मनात जे आहे ते सांगतो, पटलं नाही तर तसं लिहा. कापूस वेचायला अजून तरी आपल्याकडे मशीन चालत नाही, वेचणी हातानंच आहे आणि किलोवर आहे, आमच्याकडे यंदा दहा रुपयाच्या खाली कुणी येणार नाही. तणात गेलेल्या दीड एकरात मागच्या वर्षी वेचणी झालीच नाही, म्हणजे माझा कापूस गेला तसे वेचणाऱ्या बायांचे पण पैसे गेले. पीक जास्त आलं तर वेचणी जास्त. पण ते आषाढात नाही, कार्तिकात मिळतं, आणि घर आषाढातच अडतं हे मला कळतं. याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही.

माय_निंदते_माही

खरं बोलले तं बरं वाटलं भाऊ. पन येचनीत कंबर मोडते, सांजीले पोतं डोक्यावर. निंदनापेक्षा सोपं हाय असं नोका समजू.

पुणेकर_मूळ_अमरावती

एक शंका, शहरात राहून विचारतोय म्हणून रागावू नका. कापूस ठीक आहे, तो अंगावर घालतो. पण वांगं तर आपण खातो. ते सुरक्षित आहे हे कुणी ठरवलं? घरी लहान मुलं आहेत म्हणून काळजी वाटते.

बीएस्सी_अ‍ॅग्री_९८

बीटी वांग्याला ऑक्टोबर २००९ मध्ये जीईएसीनं हिरवा कंदील दिला होता. मग तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, त्यात आपलं नागपूर पण होतं, आणि ९ फेब्रुवारी २०१० ला स्थगिती दिली. ती पंधरा वर्षांच्या वर झाली तरी तशीच आहे. बांगलादेशानं तेच तंत्रज्ञान २०१३ ला मंजूर केलं, २०१४ पासून तिथले शेतकरी लावतात आणि लोक खातात. ज्यानं वांगं लावलंय त्याला माहीत आहे की शेंडेअळी आणि फळअळीसाठी आठवड्याला दोनदा फवारतात, तोडणीच्या आदल्या दिवशी पण. पुण्यात तुम्ही जे वांगं घेता ते त्यातूनच आलेलं असतं. मुलांची काळजी असेल तर हा पण विचार करा.

आणि कापूस नुसता अंगावर नाही. बीटी सरकीचं तेल वीस वर्षांपासून खाण्यात आहे, ढेप म्हशीला घालतो, तिचं दूध पितो. ऑगस्ट २०२१ मध्ये तर केंद्रानं १२ लाख टन जीएम सोयापेंड कोंबड्यांसाठी बाहेरून आणायला परवानगी दिली. आपल्या सोयाबीनवाल्यानं ते वाण लावायचं म्हटलं तर मात्र गुन्हा.

सरकी_ते_सूत

हेच तर. आणि २०२५ चंच बघा, १९ ऑगस्टपासून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणाले आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत वाढवलं. म्हणजे आपला कापूस जिनिंगला यायच्या ऐन हंगामात. २०२५-२६ चा हमीभाव लांब धाग्याला क्विंटलला ८११० जाहीर झाला, पण बाजारात कोण देणार? येणारा कापूस ब्राझीलचा, अमेरिकेचा, ऑस्ट्रेलियाचा, आणि तो जवळपास सगळा याच तणनाशक सहनशील वाणांचा. ब्राझीलचं उत्पादन हेक्टरी आपल्या चौपट आहे, तिथंही बहुतेक कापूस पावसावरच आहे, फक्त पाऊस चांगला. त्याच्याशी स्पर्धा करायला लावता आणि हत्यार मात्र देत नाही, हे मला सहन होत नाही खरं सांगतो.

मातीशी_नातं

आयात शुल्काच्या बाबतीत मी तुमच्या बरोबर आहे, शंभर टक्के. पण ब्राझीलचं उत्पादन जनुकामुळं नाही. तिथं सरळ वाण आहेत, संकरित नाही, झाडं जवळ जवळ, कमी दिवसांत पीक हातात. आपल्याकडे बीटी बहुतेक संकरित वाणातच दिलं गेलं म्हणून दरवर्षी पाकीट विकत घ्यावं लागतं आणि झाड मोठं होऊन सहा-सात महिने उभं राहतं, मग अळी येणारच. तंत्रज्ञान मागायचंच असेल तर सरळ वाणात मागा, ज्याचं बी शेतकऱ्याला पुढच्या वर्षी ठेवता येईल.

धुऱ्यावरचा_अकोट

दादा, हे माझ्या पोस्टमध्येच यायला पाहिजे होतं, राहून गेलं. एकदम मान्य. सघन लागवडीचं नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेचं प्रात्यक्षिक मी बघितलंय, कमी उंचीचं झाड, लवकर फुटतं, डिसेंबरला वावर मोकळं. सरळ वाणात, सरकारी संस्थेनं काढलेलं, तण आणि अळी दोन्हीचं काम करणारं बियाणं मिळालं तर मी पहिला रांगेत उभा राहीन. फक्त सघन लागवडीत ओळी जवळ आल्या की डवरा चालत नाही, तिथं तणाचा प्रश्न अजून मोठा होतो, हे पण लक्षात घ्या.

ऊसवाला_माळेगाव

आमच्याकडं बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रानं एआयचं केलंय उसात, वावरात हवामान केंद्र बसवायचं, जमिनीत सेन्सर, वरनं उपग्रहाचे फोटो, आणि मोबाईलवर मेसेज येतो की आज पाणी किती द्या. मी यंदाच घेतलंय, तोडणी झाल्यावर आकडे टाकतो, आधी काही बोलत नाही. पाणी मात्र कमी लागतंय हे डोळ्यानं दिसतंय. आमच्याकडं उसवाल्याला ह्यात कुणी आडवं येत नाही, कापूसवाल्यालाच का, हे मला पण कळत न्हाई.

बीएस्सी_अ‍ॅग्री_९८

कारण तिथं दुसऱ्या जिवाचं जनुक घालत नाहीत म्हणून. मोहरीचं बघा, डीएमएच-११ आपल्याच दिल्ली विद्यापीठात तयार झालं, ऑक्टोबर २०२२ ला जीईएसीनं शिफारस केली, जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टात दोन न्यायाधीशांचे दोन निकाल आले, अजून अडकलंय. उलट जनुक संपादनात बाहेरचं जनुक शेवटी राहत नाही म्हणून २०२२ मध्ये त्याला कडक नियमांतून सूट दिली, आणि मे २०२५ मध्ये भाताचे दोन वाण जाहीर पण झाले, कमला आणि पुसा डीएसटी राइस १. कापसात पण हा रस्ता उघडा आहे. शेतकरी संघटनांनी आता विद्यापीठांना हेच विचारायला पाहिजे की कापसात काय चाललंय.

माय_निंदते_माही

ते ड्रोनवाल्या दादाले इचारते. आमच्या बचत गटात बाया म्हनत व्हत्या का सरकार गटाले ड्रोन देते. खरं हाय काय?

पांढरकवड्याचा_पोरगा

हो ताई, नमो ड्रोन दीदी म्हणून योजना आहे, देशात पंधरा हजार गटांना द्यायचं ठरलं होतं. किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त आठ लाख अनुदान, उरलेलं गटानं कर्जातून. गटातल्या एका बाईला चालवायचं प्रशिक्षण देतात. उमेद अभियानाचं (बचत गटांचं सरकारी अभियान) तुमच्या तालुक्याचं ऑफिस असेल तिथं विचारा. पण पूर्ण माहिती घेऊन मगच कर्ज काढा, आमच्या इथल्याला बॅटरीचा खर्च अंदाजापेक्षा जास्त आला. एका चार्जला एक-दीड एकर होतं, म्हणजे निदान चार-पाच बॅटऱ्या आणि वावरात जनरेटर लागतोच. आणि पाऊस-वारा असला की दिवस बसून जातो.

माय_निंदते_माही

मायले जमन काय?

पांढरकवड्याचा_पोरगा

चालवायला दहावी पास लागतं, वय अठराच्या वर. तुमचं शिक्षण किती झालंय ताई?

माय_निंदते_माही

बारावी. सायन्स.

पांढरकवड्याचा_पोरगा

मग सोमवारीच जा ऑफिसला, आईला पण घेऊन जा. गटाचं पासबुक, ठरावाची वही आणि मार्कशीट सोबत ठेवा. आणि काय म्हणाले ते इथं लिहा.